शेतरस्ता अडवलाय: प्रांताकडे अपील की दिवाणी दावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. महसुली कायद्याची माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगावे.

आमच्या शेतात जायला बांधावरून जुनी वहिवाट आहे, वडिलांच्याही आधीपासूनची. पावसाळ्याआधी शेजाऱ्याने जेसीबी लावून त्यावर आडवा चर मारला आणि वर बाभळीच्या काट्या टाकल्या. ट्रॅक्टर तर सोडाच, बैलगाडीही जात नाही. ऊस तोडणीला आला की काय करायचे?

वडिलांनी तहसीलला अर्ज दिला, तो जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली (बांधावरून नवीन रस्ता मागण्याचे कलम). स्थळपाहणी, पंचनामा सगळे झाले. आणि आता निकाल आलाय की रस्ता पूर्वापार आहे, म्हणून नवीन रस्त्याची मागणी फेटाळली! म्हणजे रस्ता आहे हे मान्य, पण मोकळा करून मिळत नाही.

एका वकिलांच्या मते अडथळा काढायला मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ लावायला हवे होते. पण त्याला अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत, आणि ती आता संपतच आली आहे.

तर कलम ५ चा दावा लगेच टाकावा का? १४३ च्या निकालावर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील केले, तर ते चालू असताना हा दावा चालतो का? या निकालाविरुद्ध एक वर्षाच्या आत दिवाणी दावाही करता येतो, पण मग अपिलाचा मार्ग बंद होतो असे कलम १४३ मध्येच आहे. दिवाणीत किती वर्षे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तहसीलदारांनीच वहिवाट मान्य केल्याचा कागद पुढे पुरावा म्हणून कितपत टिकतो, हेही कुणी अनुभवातून सांगितले तर बरे होईल. "आपसात मिटवा" हा सल्ला कृपया नको, ते करून झालंय.