देवबागच्या पाण्यात विंडसर्फिंग : हेल्मेट घालू की नको?

देवबागकरीण :

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून महाभारत झालंय, म्हणून इथे टाकते.

मी देवबागची. आमचं पाच खोल्यांचं निवास-न्याहारी आहे, एका अंगाला कर्ली खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. दोन वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका गृहस्थांनी विंडसर्फिंगचं जुनं सामान विकायला काढलं होतं. रुंद फळी, साडेपाच चौरस मीटरचं शीड, मास्ट (शिडाचा उभा खांब), बूम (हातांनी धरायची आडवी दांडी), सगळं. पाहुण्यांसाठी म्हणून घेतलं, पाहुणे राहिले बाजूला, मीच शिकत बसले. वय वर्षं ४२. पहिले सहा महिने म्हणजे दोरी ओढून शीड उभं करायचं आणि पाठीवर पडायचं, एवढंच. आता जाता येतं, वळता येतं, आणि या शिमग्यापासून हार्नेस लावते. (माहीत नसलेल्यांसाठी : कंबरेला हूक असतो, तो बूमच्या दोरीत अडकवायचा, मग वाऱ्याचा भार हातांऐवजी अंगावर येतो.)

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी साडेचारला खाडीच्या तोंडाकडून परत येत होते. वायव्येचा वारा भरलेला, फळी छान पळत होती. पाणी हिरवंगार दिसत होतं, मी समजले खोल आहे. डॅगरबोर्ड, म्हणजे फळीच्या पोटातून खाली जाणारं ते लांब पातं, वर घ्यायचं राहिलं होतं. ते वाळूत रुतलं. फळी जागच्या जागी थांबली, मी कुठची थांबते. हूक अडकलेला, त्यामुळे शिडाबरोबर तशीच पुढे भिरकावली गेले आणि कपाळाची डावी बाजू मास्टवर. देवळात नारळ फोडताना येतो ना, तसा आवाज. पाणी मांडीएवढं होतं, उठून उभी राहिले. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. चक्कर नाही, उलटी नाही, पण त्या रात्री पाहुण्यांच्या सोलकढीत दोनदा मीठ घातलं.

तेव्हापासून डोक्यात हेल्मेट आहे, म्हणजे डोक्यावर अजून नाही. नवरा पिढीजात मासेमार. तो म्हणतो, "दर्यात खय कोण हेल्मेट घालता? लोक हसतले." सासूबाईंचं म्हणणं त्याहून सोपं : "त्या फळीर चढाचाच कित्याक?" मुलाने आपलं सायकलचं हेल्मेट आणून दिलं. घरात स्कूटरचंही आहे. ऑनलाइन पाण्याचं म्हणून मिळतं ते महाग वाटलं.

ज्यांनी स्वतः विंडसर्फिंग केलंय त्यांनी सांगा. घालू का? आणि घालायचंच तर घरातलं चालेल का?


गिरगावचा वारा :

चौपाटीवर अठरा वर्षं करतोय, एकदाही हेल्मेट घातलेलं नाही. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

वारा कुठून येतोय हे मला कानांवरून कळतं. मान जराशी फिरवली आणि दोन्ही कानांत सारखा आवाज आला, की तोंड वाऱ्याच्या दिशेला. कान झाकले की अर्धा खेळ गेला. दुसरं म्हणजे एप्रिलमधलं आपलं ऊन. तिसरं, हेल्मेट घातल्यावर माणूस जरा जास्तच धीट होतो. आमच्या इथे दोघांना पाहिलंय.

तुमची चूक हेल्मेट नव्हतं ही नाहीच. उथळ पाण्यात डॅगरबोर्ड खाली आणि वर हूक अडकवलेला, ही चूक. आपण फेकले जातोय असं वाटलं की लोक बूम सोडतात. हूक अडकलेला असताना हात सोडले की शरीर गोफणीतल्या दगडासारखं जातं. उलट बूम घट्ट धरायची, हात ताठ करायचे, अंग मागे टाकायचं. बूमला लटकून राहिलात तर तोंड मास्टपर्यंत सहसा पोचत नाही. पाण्यातून वर येताना मात्र कायम एक हात डोक्यावर धरून यायचं, कारण शीड कधी अंगावर पडेल सांगता येत नाही.

पुढे मागे फॉइलवर गेलात, म्हणजे पॅरिसच्या २०२४ ऑलिंपिकमध्ये पाण्याच्या वर उचलली जाणारी फळी होती तसल्या, तर मात्र माझंही मत बदलेल. खाली सुरीसारखे पंख असतात, त्यावर उघड्या डोक्याने मी जाणार नाही.


कुंडलिका :

वरच्या काकांचा मान ठेवून सांगतो, बूम धरून ठेवायचा सल्ला सोन्यासारखा आहे. पण तो अठरा वर्षं केलेल्या माणसाच्या हातात आहे. शिकणाऱ्याला अर्ध्या सेकंदात ते सुचत नाही. मला सुचलं नव्हतं.

मी कोलाडला राफ्टिंगवर काम करतो, मोसमात रोज शंभरेक डोक्यांवर हेल्मेट चढवतो, त्यामुळे घरातल्या हेल्मेटांबद्दल मी बोलू शकतो.

स्कूटरचं विसरा. सव्वा-दीड किलो वजन, आतलं कापड पाणी पितं, वर हनुवटीकडून बंद असेल तर पाण्याखाली तोंडाशी बादली बांधल्यासारखं. आयएसआयचा छाप रस्त्यासाठी आहे.

सायकलचं काहीच नसण्यापेक्षा बरं, असं लोक म्हणतात. मी अर्धंच मान्य करतो. त्याच्या आत थर्माकोलसारखा थर असतो. तो एकदा चेपला की संपला, आणि चेपलेला बाहेरून दिसतोच असं नाही. विंडसर्फिंगमध्ये एका दुपारी चार वेळा बारीकसारीक आपटतं. शिवाय त्याचा पट्टा आणि बक्कल खाऱ्या पाण्यासाठी नसतं, आणि पुढे टोपीसारखी कड असेल तर वेगात पाण्यात पडताना तीच पाणी पकडते आणि मानेला हिसका देते.

पाण्याच्या हेल्मेटमध्ये आत रबरी फोम असतो, चांगल्या चपलेच्या तळव्यासारखा. दाबून बघा, परत वर येतो. पुनःपुन्हा मार खायला तोच बरा. पाणी निघून जायला भोकं असतात. कयाक आणि राफ्टिंगच्या हेल्मेटवर ईएन १३८५ (युरोपियन मानकाचा क्रमांक) लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. खरं तेही सांगतो : या हेल्मेटची चाचणी सायकलच्या हेल्मेटपेक्षा सौम्य टकरीची असते. ते बूम, मास्ट, फळीचं टोक, खडक यांच्यासाठी आहे. जेटस्की येऊन धडकली तर त्याचा भरवसा नाही.

वाऱ्याचा आवाज हा काकांचा मुद्दा खरा आहे, म्हणून कान उघडे असलेलं घ्या. कान झाकणारी पण मिळतात, कानशिलावर पडून कानाचा पडदा फाटू नये म्हणून. लाटांवर उड्या मारणाऱ्यांना ती हवीत. तुम्हाला आज नको.

आता मापाचं, कारण ढिलं हेल्मेट घालण्यात अर्थच नाही. कड भुवईच्या दोन बोटं वर. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक बोट जाईल इतकंच. मग मागची कड अंगठ्याने वर ढकलून बघा. डोळ्यांवर सरकलं तर माप मोठं आहे. बायकांच्या बाबतीत माझा रोजचा अनुभव : अंबाडा घालून येतात, हेल्मेट मागून उचललं जातं, कपाळ उघडं पडतं. मानेखाली सैल वेणी घाला आणि मगच माप घ्या.

आणि एक जुगाड. शिकणाऱ्याच्या मास्टला जाड फोम गुंडाळता येतो. योगाची जुनी चटई कापून दोरीने बांधली तरी चालते. टेंगूळ जरा लहान येईल.


रात्रपाळी :

मी अपघात विभागात नर्स आहे. विंडसर्फिंग येत नाही, पोहताही जेमतेम येतं, पण सोलकढीचं वाचून लिहावंसं वाटलं.

ताई, दोनदा मीठ घालणं हे गमतीत सोडू नका. डोक्याला मार लागल्यावर विसरणं, गोंधळणं, उजेड सहन न होणं, झोप बिघडणं ही मेंदूला हिसका बसल्याची लक्षणं असू शकतात. टेंगूळ बाहेर आलंय म्हणजे आत काही नाही, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, फार झोप यायला लागली किंवा बोलणं अडखळलं तर रात्र बघायची नाही, सरळ दवाखाना. आणि सगळं पूर्ण जाईपर्यंत फळीवर जायचं नाही. पहिला हिसका भरून यायच्या आत दुसरा बसला तर फार महागात पडतं.

हेल्मेट हिसका पूर्ण थांबवत नाही. मेंदू कवटीच्या आत हलतो तो हलतोच. पण कातडी फाटणं, कवटीला तडा जाणं, शुद्ध हरपणं याची शक्यता कमी होते. रस्त्यावर माणूस दोन मिनिटं बेशुद्ध पडला तर आमच्यापर्यंत पोचतो. पाण्यात पालथा पडला तर? तुमच्या पोस्टमध्ये लाइफ जॅकेटचा शब्दही नाही, मला तेच जास्त खटकलं.


पाऊणपट :

सगळ्यांनी डोक्याचं सांगितलं, पाण्याचं कोणीच नाही.

मी मालवणचा, निवृत्त शिक्षक. आमच्या घरची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) होती. विंडसर्फिंग केलेलं नाही, पण ती वाळू मला ठाऊक आहे.

हनुमान जयंतीचा आदला दिवस म्हणजे चतुर्दशी. तिथीची पाऊणपट करा : चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, पावणेपाचला. तुम्ही साडेचारला खाडीच्या तोंडाशी. त्यात उधाणाचे दिवस. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या, सुकतीला जे पाणी राहतं, त्याहून उधाणाच्या सुकतीला कितीतरी खाली जातं. तुम्ही ज्याला खोल समजलात तो वाळूचा दांडा सकाळी पुरुषभर पाण्याखाली होता.

आता गंमत बघा. चैत्र-वैशाखात खारा वारा दुपारी तीन ते साडेपाच सगळ्यात जोरात, जमीन तापते तसा तो चढतो. म्हणजे तुम्ही कायम त्याच वेळी जाणार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास नेमकं त्याच वेळी पाणी तळाला लागतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. भरती संध्याकाळी सहाला, म्हणजे तुमच्या वाऱ्याच्या वेळी पाणी चढतं. वारा तोच, पाणी दुप्पट. घरात मासेमार नवरा असून हे विचारलं नाहीत?

सुकतीला खाडीचं पाणी बाहेर धावतं आणि वारा आत येतो. त्या झुंजीत तोंडावर लाटा तुटक आणि उभ्या होतात. तिथे डोकं आपटून भान गेलं, तर पाणी तुम्हाला घराकडे नेणार नाही.

दांडा वाळूचा होता म्हणून टेंगळावर भागलं. हीच फळी मालवणात चिवल्याच्या किंवा किल्ल्याच्या बाजूला आणलीत तर खाली खडक, आणि खडकावर कालवं. तिथे पाय टेकला तरी कापतो. तिकडे हेल्मेटशिवाय येऊ नका. नवरोबांना सांगा, रापणीच्या होडीत डोक्याच्या उंचीवर झोके घेणारा खांब नसतो, म्हणून आम्हाला हेल्मेट लागलं नाही.


देवबागकरीण :

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, दोन खोल्या भरलेल्या होत्या.

रात्रपाळी ताई, दुसऱ्याच दिवशी कुडाळला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. डोळ्यांत बॅटरी मारली, एका रेषेत चालायला लावलं, दोन आठवडे पाण्यात जायचं नाही म्हणाले. त्यामुळे ही अष्टमी गेली, पुढची बघते. जॅकेट मी घालते, लिहायचं राहिलं. म्हणजे, नेहमी घालते असं लिहिणार होते, पण त्या दिवशी ते दोरीवर वाळत होतं.

पाऊणपट सर, तुमची पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो म्हणाला, "ह्या माका ठावक होता." मग सांगितलं का नाही, तर "तू इचारलंस खय?" यावर मी काही बोलले नाही, पण संध्याकाळची चहा-भजी त्याने स्वतः केली.

हेल्मेट मागवलं. कान उघडं, नारिंगी, म्हणजे त्सुनामी बेटाकडे पाहुणे घेऊन जाणाऱ्या होड्यांना शीड पाण्यात आडवं असताना निदान डोकं तरी दिसेल. वेणी घालून बसतं, अंबाड्यावर खरंच नाही बसत. मागची कड ढकलून पाहिली, हलत नाही. गिरगावकर काका, बूम धरून ठेवायचा सराव अंगणात करतेय. मास्ट माडाला टेकवला आहे आणि मुलगा मागून ढकलतो. पाचात तीनदा अजून हात सुटतो, म्हणून तर हेल्मेट.

मास्टला योगाच्या चटईऐवजी सासूबाईंनी जुनी गोधडी शिवून दिली होती. पाणी पिऊन ती दहा किलोची होईल हे त्यांना समजावता समजावता नाकी नऊ आले. आता चटईच बांधलीय. एक शंका उरली : खारं पाणी लागल्यावर हेल्मेट दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचं ना? आणि वाळवायचं कुठे, उन्हात की सावलीत?


कुंडलिका :

गोड्या पाण्याने धुवायचं, बक्कलातली वाळू टूथब्रशने काढायची. सावलीत. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, आतला गोंद सुटतो. आमची दर वर्षी दोन-चार तशीच जातात.