लायसन्सवर तारीख नाही, म्हणून जन्मभर उडता येत नाही

फोंडेकर
काल वास्कोकरांनी लिहिलं की प्रायव्हेट पायलटचं लायसन्स एकदा हातात पडलं की जन्मभर चालतं. त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याच्या कार्डावर मुदतच नाही आणि आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे विमान उड्डाणाचं सरकारी खातं, मेडिकलच्या नावाखाली छळतं, असंही त्यांचं म्हणणं. वाचून रात्री झोप लागली नाही.

कार्डावर तारीख नसते, हे बरोबर. पण भाच्याला दर २४ महिन्यांनी इन्स्ट्रक्टरकडे फ्लाइट रिव्ह्यू द्यावा लागतो. त्यात किमान एक तास थिअरी, एक तास हवेत. शेजारी कुणाला बसवायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग झालेली हवीत. थर्ड क्लास मेडिकल, म्हणजे तिथला तब्येतीचा दाखला, चाळिशीच्या आत ६० महिने चालतं, पुढे २४. हे चुकलं की कार्ड पाकिटातच राहतं. आपल्याकडेही क्लास टू मेडिकल संपलं की लायसन्सची कितीही वर्षं उरलेली असोत, विमान घेऊन निघता येत नाही. उगाच पोरांना चुकीचं सांगू नका.

वास्कोकर
फोंडेकरबाब, शिकवणी नको. जेआरडी टाटांचं लायसन्स १९२९ चं, भारतातलं पहिलं. त्याच माणसाने १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ हे जुनं छोटं विमान कराचीहून मुंबईला आणलं. वय झालं म्हणून कुणी अडवलं?

मला मात्र अडवलं. भर उन्हात स्कूटरवरून तपासणीला गेलो, दहा मिनिटं बसूही दिलं नाही. बीपी जास्त आलं, ‘टेम्पररी अनफिट’ लिहून मोकळे. वीस वर्षांचं उडणं एका पट्ट्याने संपवलं.

बार्देशची
काका, संपवलं कुठे? टेम्पररी म्हणजे टेम्पररीच. औषध घ्या, बीपी ताब्यात आणा, पुन्हा तपासणी द्या. माझ्या बाबांनी तसंच केलं आणि परत फिट झाले. मेडिकल गेलं म्हणजे लायसन्स रद्द, हाही गैरसमजच. आणि जेआरडींना वयाने अडवलं नाही, कारण वयाचा प्रश्नच नाही, तब्येतीचा आहे.

फोंडेकरकाका, तुमचंही अर्धवट आहे. अमेरिकेत २०१७ पासून बेसिकमेड नावाचा सोपा पर्याय आहे, थर्ड क्लास सगळ्यांना लागत नाही.

फोंडेकर
बेसिकमेड राहिलं, मान्य. पण त्यातही दर ४८ महिन्यांनी डॉक्टरकडे जावं लागतंच.

तारवटी
आमच्याकडे बोटीवर सर्टिफिकेट पाच वर्षांचं. त्या पाच वर्षांत बारा महिने समुद्रावर काढलेले दाखवा, नाहीतर साधारण परत कोर्स. गोव्यात घराघरात तारवटी आहे, कुणी छळ म्हणत नाही. विमानवाल्यांनाच एवढं काय?

पेडणेकर
तारवट्याला सराव पगारात मिळतो हो. आम्ही कुठे करायचा? तीन लँडिंगसाठी मी रात्रीची बस धरून बारामती गाठतो. गोव्याचं जुनं विमानतळ दाबोळी नौदलाचं, आठवड्याच्या दिवसांत सकाळ त्यांच्या सरावाला. पेडण्यात मोपाचं नवं विमानतळ आलं तेव्हा वाटलं, कोपऱ्यात एक छोटा क्लब निघेल. आमच्या घरच्यांची काजूची झाडं त्या पठारावर गेली. माझ्या वाट्याला कंपाउंडबाहेरून विमानं बघणं आलं.

वास्कोकर
मोपाचं नावच काढू नका. दाबोळी पोर्तुगीजांच्या काळापासून उभं आहे, १९६१ नंतर नौदलाने सांभाळलं. तुमच्या मोपामुळे आमच्या टॅक्सीवाल्यांच्या चुली थंड पडल्या.

पेडणेकर
आमच्या मोपामुळे? आम्ही मागितलं होतं? साठ वर्षं पेडण्याचा माणूस पहाटे दोनला उठून दाबोळीला धावला, तेव्हा वास्कोने विचारलं का कधी? जमीन आमची गेली आणि बोलणीही आम्हीच खायची?

तारवटी
दोघेही थांबा. काणकोणातून मोपा किती लांब पडतं ते माझ्या आईला विचारा. गेल्या खेपेला मला सोडायला येताना वाटेत दोनदा ओकली ती.

पेडणेकर
आईंचं वाईट वाटलं. पण त्यात पेडण्याचा दोष नाही.

फोंडेकर
मूळ मुद्द्यावर येतो. चौदा महिन्यांच्या खंडानंतर गेल्या वर्षी मी बारामतीला सेसना १७२ वर बसलो. मेडिकल चालू, लायसन्स चालू, कागद एकूणएक बरोबर. पहिल्याच लँडिंगला फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, उशिरा केला. चाकं आपटली, विमान उसळून वर आलं, स्पीड गळायला लागला आणि माझा हात थ्रॉटलवर, इंजिनाची ताकद वाढवायच्या दांड्यावर, नुसता पडून राहिला. शेजारच्या इन्स्ट्रक्टरने माझ्या हातासकट थ्रॉटल पुढे ढकलला. पंचविशीतला पोरगा तो. चक्कर मारून परत येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. त्या दिवशी मुलीला बरोबर घ्यायचं ठरलं होतं. ती खाली हँगरच्या सावलीत डबा घेऊन बसली होती.

बार्देशची
वास्कोकरकाका, अजून एक. भाचा सुट्टीत आला तर त्या कार्डावर इथलं व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीचं विमान थेट घेऊन निघता येणार नाही. आधी डीजीसीएची मान्यता लागेल.

वास्कोकर
भाच्याला रात्री फोन केला. त्याचा शेवटचा रिव्ह्यू २०२२ चा, त्यानंतर तो उडालेलाच नाही. हे तुमच्या बाजूने जातं, तरी लिहितोय. बीपीची गोळी सुरू केली आहे. दाबोळीबद्दलचं माझं म्हणणं तेच आहे.