ढीग तापलाय, ट्रायकोडर्मा मेला असेल का?

नमस्कार मंडळी,
कोरेगाव तालुक्यात 30 गुंठे आलं करतोय, अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावण धरायची आहे. गेल्या पावसाळ्यात कंदकुजीनं निम्मा प्लॉट गेला, म्हणून यंदा खतातूनच सुरुवात करावी म्हटलं. विकतच्या शेणखतातलं 500 किलो बाजूला काढून त्यात 5 किलो ट्रायकोडर्मा (कुजीच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) भुकटी कालवली, गूळपाणी शिंपडलं, बारदानानं झाकलं. आज चौथा दिवस. आत हात ठेववत नाही इतकं गरम, वास नाकात झोंबतोय आणि बुरशीचा मागमूस नाही. पाच किलो वाया गेले का?
शिवाय दुकानदार म्हणतो, लावण झाली की कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता. मग हा खटाटोप कशाला?

प्रतिसाद १
दादा, खत कुजलेलं नाही, आत्ता कुजतंय. ट्रायकोडर्माला 25 ते 30 अंश मानवतं, त्या ढिगात तो फारसा उरला नसणार. ढीग मोडून सावलीत पसरा, पाणी मारा, अधूनमधून पलटी द्या. तापायचं थांबून मातीसारखा वास आला की मगच नव्यानं 100 किलोला 1 किलो. ओल इतकीच की मुठीत लाडू वळावा, पाणी गळू नये. आधी पांढरी जाळी दिसेल, मग हिरवी पूड. तेव्हा बेडवर टाका. घाईनं कच्चं टाकलंत तर मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण!

प्रतिसाद २
ट्रायकोडर्मा जिवाणू नव्हे, बुरशीच. कार्बेन्डाझिम त्यालाही मारतं. बेण्याला रासायनिक प्रक्रिया करायचीच असेल तर आधी उरका आणि मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या.
पण गेल्या वर्षी नक्की काय झालं होतं? पानं पिवळी पडून खोड बुडाशी मऊ झालं असेल तर ती बुरशीची कुज. झाड हिरवंच असताना मलूल झालं असेल तर खोड कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरायला हवं होतं. दुधाळ धागे सुटले तर जिवाणूजन्य मर. तिथे ट्रायकोडर्माच्या भरवशावर राहू नका, रान आणि बेणं दोन्ही बदला.

मूळ धागाकर्ता
पिवळंच पडलं होतं, तेही खालच्या अंगाला. वरच्या उसाचं पाणी तिथंच मुरतं. उद्या ढीग मोडतो. ते पाणी बाहेर काढायला चर मात्र भावकीला विचारून काढावा लागेल, तो जास्त अवघड.