डावा खांदा कानापर्यंत चढतो आणि मला ते कळतच नाही

कातळावरची, दापोली

नमस्कार मंडळी. चाळिशी ओलांडलेली, पतसंस्थेत नोकरी, गेल्या दिवाळीपासून रिकर्व्ह बोवर (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) तिरंदाजी शिकतेय. उजव्या हाताने खेचते. सर अधूनमधून येतात, बाकी मी एकटीच घरामागच्या कातळावर.

सुरुवातीचे तीर बरे लागतात. मग हळूहळू खाली पडायला लागतात आणि स्ट्रिंग कोपराच्या आतल्या बाजूला अशी सणसणीत बसते की आर्मगार्ड असूनही हात काळानिळा. मुलाने मागून व्हिडिओ काढला, तर बो धरलेला डावा खांदा पार कानाला टेकायला आलेला. आणि त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी देवाशप्पथ सांगितलं असतं की खांदा खाली आहे!

सर म्हणतात, "खांदा खाली दाबा." दाबला की हात थरथरतो, मान आखडते. हल्ली रात्री त्या कुशीवर झोपताही येत नाही. लिंब्स (बोच्या वरखालच्या वाकणाऱ्या पात्या) 30 पाउंडांचे, म्हणजे खेचायला तेवढा जोर लागणारे, जुने घेतलेले. तिरंदाज अदिती स्वामीचे बर्लिनच्या स्पर्धेतले व्हिडिओ पाठ झालेत, तिचा खांदा ढिम्म हलत नाही. खांदा कुठे आहे हे आतून कळायचं कसं?

वेंगुर्ल्याचो

गे बाय, खांदो वर जाता तो बो जड म्हणान. हलके लिंब घे. लाजतंस कित्याक? टार्गेटाक पाउंडेज कळणा नाय.

खवट_खोबरं, रत्नागिरी

वरच्या भाऊंनी निम्मं काम केलं, उरलेलं मी लांबण लावून सांगतो. शाळेत पीटी शिकवण्यात जन्म गेला, सवय जात नाही.

ताई, अदितीकडे बघा, अभिमान बाळगा, पण खांद्यासाठी तिची नक्कल नको. साताऱ्याच्या या मुलीने 2023 साली बर्लिनला जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण घेतलं ते कंपाउंडमध्ये, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या बोवर. कंपाउंडची चाकं फिरली की पूर्ण खेचीला बहुतेक वजन उतरतं. रिकर्व्हचं उलट, जितकं खेचाल तितकं जड, आणि सगळ्यात जड नेमकं तेव्हा, जेव्हा तुम्ही नेम धरून थांबता. लिंबवरचा आकडा 28 इंचांच्या खेचीचा असतो, इंचामागे साधारण दोन पाउंड कमी-जास्त. तुमची खेच 26 इंच धरली तरी बोटांवर 26 पाउंड आले. आठवड्यातून दोनदा मारणाऱ्या नवशिक्याला ते फार झालं. 18-20 चे लिंब्स मिळवा. लिंब बोल्ट थोडे सैल करूनही एक-दोन पाउंड उतरतात, पण कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या आतच.

तीर खाली का पडतात? खांदा वर आणि आत सरकला की बो धरलेला हात आखूड होतो. तुम्हाला क्लिकर (खेच पूर्ण झाली की टक् वाजणारी पट्टी) नाही असं दिसतं, त्यामुळे खेच कमी झालेली कळत नाही. तिराला जोर कमी, तीर खाली. स्ट्रिंग हाताला लागते तीही बरीचशी यामुळेच.

आता "खाली दाबा" हे मला पटत नाही. पूर्ण खेचल्यावर खांदा दाबणं म्हणजे एस्टी सुटल्यावर तिकीट काढायला धावणं. तो चढतो बो उचलताना, तिथेच त्याला धरायचं. बो मांडीपाशी असतानाच मान टार्गेटकडे वळवा, श्वास सोडा, खांदा आपसूक पडेल. मग दंड उचला, खांदा नाही. हात टार्गेटच्या दिशेने लांब जातोय एवढंच मनात ठेवा.

आतून कळण्यासाठी दाराची चौकट पुरे. बोसारखा डावा तळवा चौकटीला टेका, हलका जोर द्या. उजव्या हाताची बोटं मान आणि खांद्याच्या मधल्या मांसावर ठेवा. मुद्दाम खांदा वर न्या, ते मांस टणक होईल. सोडा, मऊ होईल. आता जोर तसाच ठेवून ते मऊ राहतं का बघा. राहिलं, म्हणजे भार हाडांवरून आणि फऱ्याच्या बाजूच्या स्नायूंवरून जातोय. त्याच जागी तळवा न हलवता कोपर फिरवा, आतली घडी उभी होईपर्यंत. स्ट्रिंगचा मार त्याने थांबतो. हे मी वर्गात पोरांकडून करून घ्यायचो तेव्हा निम्मी फक्त चौकट ढकलायची. तसं नको.

फिजिओ_मालवण

रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही हे वाक्य मला खटकलं. खांद्याच्या वरच्या हाडाखालून रोटेटर कफचा (खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या गटाचा) एक स्नायुबंध जातो. खांदा चढवून दंड पुन्हापुन्हा उचलला की तो तिथे दुखावू शकतो. बो काही दिवस बाजूला ठेवा आणि कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा, इथे लिहून निदान होत नाही. दुखणं शांत झाल्यावर रबर बँडवर बो उचलण्याचा सराव करा. चौकटीचा व्यायाम मात्र दुखत नसेल तरच.

कातळावरची, दापोली

सगळ्यांचे आभार. चौकटीशी उभी राहिले आणि मुलगा हसत सुटला, पण ते टणक-मऊ पहिल्यांदाच बोटांना लागलं. जोर न देता केलं, दुखलं नाही. दाखवायला उद्याच जाते. पावसाळ्यात कातळावर उभं राहणं शक्य नाही, तेव्हा पडवीत काय करता येईल?

खवट_खोबरं, रत्नागिरी

पडवीच उत्तम. पेंढा घट्ट आवळून बांधा, मागे जाड फळी, त्यामागे भिंत. अंतर तीन-चार पावलं, टार्गेटचा कागद लावूच नका. खेचा, अँकर लागला (खेचणारा हात चेहऱ्यावरच्या ठरल्या जागी टेकला), तीर पेंढ्याच्या मध्यावर आहे हे बघितलं की डोळे मिटा आणि मगच सोडा. नेमाची काळजी गेली की लक्ष खांद्याकडे जातं. सोडण्याआधी मनात बोला, "वर" किंवा "खाली", आणि नंतर व्हिडिओत पडताळा. तुमचं उत्तर आणि व्हिडिओ जुळायला लागले की मगच कागद लावा. समोर मांजर, पोर, कुणी येणार नाही हे बघायला एक माणूस उभं ठेवा.

फोन पाठीमागे ठेवा, खांद्याच्या उंचीवर. स्ट्रिंगला मेण लावत राहा, आपल्याकडच्या दमट हवेत तिची हेळसांड नको. आणि हे सगळं फिजिओंनी हो म्हटल्यावर, नवीन हलक्या लिंब्सवर.