औषध 'लागू पडत नाही' की 'पुरत नाही'?

रामबागकर, इंदूर:
काकांचा गुर्दा (इथे मूत्रपिंड कोण म्हणतंय!) बदलला. टॅक्रोलिमसची (शरीरानं नवा गुर्दा नाकारू नये म्हणून द्यायचं औषध) रक्तातली लेव्हल वर येईना म्हणून जीनची तपासणी केली. रिपोर्टात 'सीवायपी३ए५ एक्स्प्रेसर' आलं. काकूला म्हटलं, 'औषध लागू पडत नाहीये', तर तिनं रडायलाच घेतलं. नेमकं काय म्हणावं? आणि याला 'जनुकीय दोष' म्हणतात का?

छावणीतली ताई:
रडणारच ती. 'लागू पडत नाही' म्हणजे गुण येत नाही, दुसरं औषध बघा. इथे तसं नाहीये. गोळी पोटात गेली की आतड्यातलं आणि यकृतातलं सीवायपी३ए५ हे विकर (एन्झाइम) ती भराभर मोडून टाकतं, रक्तात थोडीच उरते. म्हणून 'पुरत नाही' म्हण. अशा रुग्णांना सुरुवातीचा डोस सहसा दीडपट ते दुप्पट लागतो, पुढचं डॉक्टर लेव्हल बघून ठरवतात.
'दोष' मुळीच नको. विकर धड तयार होत नाही ते त्याच्या जीनच्या 'स्टार ३' या रूपात, डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकामुळे. युरोपीय वंशाच्या बहुतेकांच्या या जीनच्या दोन्ही प्रती तशाच असतात, आफ्रिकी वंशात चालू प्रत सर्रास सापडते. काकांची निदान एक प्रत चालू आहे. चालू असण्याला दोष म्हणायचं? 'जनुकीय भेद' म्हण. एक्स्प्रेसरला 'व्यक्तक' वगैरे घडवू नकोस, काकू पुन्हा रडेल. 'विकर चालू आहे' एवढं पुरे.

मालवेकर:
आमच्याकडे 'मानवत नाही' म्हणायचे. ते चालेल?

छावणीतली ताई:
टॅक्रोलिमसला इथे नाही, अझाथायोप्रिनला (गुर्दा नाकारू नये म्हणून देतात ते दुसरं औषध) चालेल. ते निकामी करणाऱ्या विकरांपैकी टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५ मंद असेल तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी घसरतात. तिथे औषध कमी नाही, जास्त पडतं. मी 'सोसत नाही' म्हणेन, मानवण्यात आवडनिवडही येते.

रामबागकर:
काकूला 'पुरत नाही' पटलं. आता विचारतेय, उद्या लेव्हल आहे तर काका उपाशी जाणार का?

छावणीतली ताई:
'उपाशी' शब्दानेच घोळ होतो. टॅक्रोलिमसच्या लेव्हलला थांबवायची असते सकाळची गोळी. ती डबीत घेऊन जा, रक्त दिलं की लगेच घ्या. चहाचं लॅबला विचार, दुसऱ्या तपासण्या असतील तर उपाशी बोलावतात.