एकट्याच्या धंद्याला कोरी आणि मोठीच मशीन हवी? मला नाही पटत

एकटा_जीव
परवा सुसाट_बूम यांनी लिहिलं की एकट्याने खोदाईचा धंदा सुरू करायचा तर जुन्या मशीनकडे ढुंकूनही बघू नका, सरळ कोरी 3.5 टनी मिनी पोकलेन घ्या, पाच वर्षांचे हप्ते करा, मशीन दारात आली की कामं आपोआप येतात. खाली नवीन पोरांनी धडाधड "बरोबर आहे" लिहिलंय म्हणून हे लांबलचक लिहायला बसलो, कारण मी अगदी हेच केलं होतं.

माझी पहिली मशीन कोरी 3.5 टनी. घेताना फक्त मशीनचं वजन बघितलं. ट्रेलरचं वजन वेगळं, तीन बकेटांचं वेगळं, डिझेलचे कॅन वेगळे, हे डोक्यातच आलं नाही. भल्या दणकट पिकअपची ओढायची मर्यादासुद्धा बऱ्याचदा 3.5 टनांपाशी संपते, म्हणजे माझी गाडी पहिल्या दिवसापासून बाद. मग प्रत्येक कामाला दुसऱ्याची मोठी गाडी सांगायची, ती येईल तेव्हा जायचं, ती येईपर्यंत परत यायचं नाही. दोन तासांचं काम घेतलं की वाहतुकीतच सगळं संपायचं, म्हणून छोटी कामं सोडायला लागलो, आणि एकट्या माणसाकडे येतात ती छोटीच कामं. वर दीड मीटरच्या पुढची रुंदी, घराच्या बाजूच्या बोळातून मागे जायचं तर कुंपण पाडा. दुसऱ्या वर्षी विकली. विकून आलेले पैसे बाकी कर्जापेक्षा कमी होते. मशीन गेली आणि हप्ता राहिला, ही अवस्था ज्याने काढलीय त्यालाच कळेल.

त्यानंतर एक वर्ष फक्त भाड्याने मशीन आणली आणि वहीत लिहीत गेलो, कुठलं काम, किती खोल, किती रुंद वाट, किती टनी. वर्षात 96 दिवस मशीन लागली. त्यातल्या 71 दिवसांना 1.7 टनी पुरली. तिच्या दोन्ही बाजूंच्या चेन (ज्यांवर ती चालते) आत ओढून घेतल्या की ती 99 सेंटीमीटरमध्ये जाते आणि माझ्याच गाडीमागे येते. मग जुनी 1.7 टनी घेतली, 1900 तास चाललेली, आज सातवं वर्ष. खोल काम आलं तर त्या दिवसापुरती मोठी भाड्याने आणतो. आधी वही भरा, मग हप्ता भरा, एवढंच माझं म्हणणं.

सुसाट_बूम
माझंच नाव घेतलंत तर उत्तरही ऐका. तुम्ही ट्रेलरचं वजन न मोजता मशीन घेतली ही चूक तुमची, तिचं खापर कोऱ्या मशीनवर का फोडता?

मी जुनी घेऊन पोळलेला माणूस आहे. बाहेरून चकाचक, रंग नवा, मालक गोड बोलणारा. चौथ्या महिन्यात हायड्रॉलिक पंप, म्हणजे तेलाच्या दाबाने मशीन हलवणारा पंप, आतून सुटला आणि त्याचा लोखंडी कीस तेलाबरोबर सगळीकडे फिरला, व्हॉल्व्हमध्ये, मोटरींमध्ये, सिलिंडरमध्ये. नुसता पंप बदलून भागत नाही, सगळी सिस्टीम उघडून धुवावी लागते. तीन आठवडे मशीन उभी. एका घरासमोर पाण्याच्या पाइपचा चर अर्धा उघडा, प्लंबर ताटकळलेला, त्या बाईंना रोज घरात जायला फळीवरून जावं लागायचं. भाड्याची मशीन लगेच मिळाली नाही. काम दुसऱ्याने पुरं केलं आणि त्या बाईंनी, त्यांच्या बहिणीने, शेजाऱ्यांनी, कुणीच मला परत बोलावलं नाही. ज्याच्याकडे पाच मशीन आहेत त्याची एक बंद पडली तर चार चालू राहतात, आपली एक बंद पडली की धंदाच बंद. म्हणून मी वॉरंटीला पैसे मोजतो. आणि 1.7 टनी जाऊन जाऊन जाते किती खाली, सव्वादोन मीटर. 3.5 टनी तीन मीटर गाठते. ड्रेनेजचं खोल काम आलं की तुम्ही हात वर करणार का?

पिनबुश
तीस वर्षं मी याच मशीन उघडतोय. तुम्ही दोघंही मशीन नीट न बघता घेतलीत, एकाने वजन बघितलं नाही, दुसऱ्याने पंप.

जुनी बघायला जाताना मालकाला सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवायचंय असं समजा. गार इंजिन उचलायला किती वेळ लागतो, धूर कसला निघतो ते बघा. तेलाचं झाकण काढल्यावर जोरात वाफारा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. हायड्रॉलिक तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, वर करून इंजिन बंद करा, खूण करा, दहा मिनिटं थांबा, किती खाली उतरतेय बघा. बकेट जमिनीपासून बोटभर वर ठेवून हाताने डावी-उजवी हलवा, स्लू रिंग (ज्यावर मशीनचा वरचा भाग फिरतो) आणि सांध्यांतल्या पिना-बुशांचा खुळखुळा तिथेच कळतो. चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील तर चेनसकट खर्च धरा. अवर मीटरवर चाललेले तास 1900 दिसतायत आणि पेडलचं रबर झिजून पत्रा उघडा पडलाय, तर पेडलवर विश्वास ठेवा.

आणि कोरी मशीन म्हणजे बिनघोर असंही नाही. युरोप-अमेरिकेच्या प्रदूषण नियमांत इंजिनाची ताकद 19 किलोवॅटच्या वर गेली की धुराची मर्यादा कडक होते, म्हणून त्याच्या वरच्या इंजिनांना बहुतेक काजळीचा फिल्टर येतो. एकटा माणूस काम कसं करतो? पाच मिनिटं खणतो, उतरतो, लेव्हल बघतो, परत चढतो. इंजिन तेवढा वेळ नुसतं घुरघुरत राहतं, फिल्टर पुरेसा तापत नाही आणि चोंदतो. म्हणून कंपन्या कितीतरी छोट्या मशीन मुद्दाम 19 च्या आत ठेवतात. माहितीपत्रकात तो एक आकडा बघितल्याशिवाय सही करू नका.

हिशेबनीस
मशीनवर सगळे भांडतात, कागद कुणी वाचत नाही. व्याज 8 टक्के सांगतात आणि माणूस खूश होतो. कशावर 8 टक्के? पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर असेल तर 100 घेतले, तीन वर्षांचं व्याज 24, एकूण 124, भागिले 36 हप्ते. पण मुद्दल तर तुम्ही दर महिन्याला थोडं थोडं परत करताय. घटत्या बाकीवर हिशेब मांडला तर हेच कर्ज साधारण साडेचौदा टक्क्यांना पडतं. दोन ठिकाणचे दर शेजारी ठेवताना दोन्ही एकाच पद्धतीचे आहेत का एवढं तरी विचारा.

दुसरं, शेवटी एक मोठा हप्ता ठेवून बाकीचे हप्ते छोटे दाखवतात. ऐकायला गोड. पण त्या दिवशी हातात रक्कम नसेल तर परत कर्ज काढा नाहीतर मशीन विका. आणि मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का, पावसाच्या महिन्यांत हप्ता कमी ठेवता येतो का, हे सही करायच्या आधी विचारायचं असतं. माझ्या मेव्हण्याने विचारलं नाही. चांगलं वर्ष गेलं म्हणून सगळं फेडायला गेला तर दंड एवढा की फेडण्यात अर्थच उरला नाही.

एकटा_जीव यांची वही मला पटली, फक्त एक भर घालतो. हप्ता भाड्याच्या दिवसांत मोजा. महिन्याचा हप्ता म्हणजे तशाच मशीनचं सहा दिवसांचं भाडं, असं. त्यात विमा, सर्व्हिस, चेनसाठी बाजूला ठेवायचे पैसे मिळवा, सहाचे नऊ-दहा होतात. तुमच्या वहीत महिन्याला आठच दिवस असतील तर भाड्यानेच आणा.

चरातला
टन झाले, टक्के झाले, क्विक हिचचं, म्हणजे पिना न ठोकता बकेट पटकन लावता-काढता येणाऱ्या जोडणीचं, कुणीच बोललं नाही. घेणार असाल तर पहिल्या दिवशी हिचसकट घ्या, कर्जात बसवा. एकट्या माणसाला दिवसातून दहा वेळा बकेट बदलावी लागते, अरुंद काढा, रुंद लावा, परत अरुंद. हातोड्याने पिना ठोकत बसलात तर दिवसाचा तास तिथेच गेला. बसल्या जागेवरून बदला आणि पुढे चला.

मातीत_हात
बसल्या जागेवरून बदला आणि पुढे चला, हे वाक्य वाचून माझे हात थंड पडले. माझ्या भावाच्या पायाजवळ बकेट पडलीय. पायावर नाही, पायाजवळ, वीतभर अंतर. हिच अर्ध-स्वयंचलित होती, तिला हाताने सेफ्टी पिन घालावी लागते. ऑपरेटरने घातली नाही कारण उतरायचा कंटाळा. भाऊ चरात लेव्हल बघत होता. अशा पडलेल्या बकेटांनी जगात माणसं मेलीयत. तुम्ही वेळ वाचतो म्हणून सांगताय, सेफ्टी पिनचं एक अक्षर नाही.

चरातला
मी पिन घालू नका असं कुठे लिहिलं? आणि हा धागा एकट्याच्या धंद्याचा आहे, चरात दुसरा माणूस असतोच कुठे?

मातीत_हात
असतो ना. प्लंबर असतो, घरमालक डोकावत असतो, त्यांचं पोर असतं. तुम्ही एकटे म्हणजे आजूबाजूला नजर ठेवायलाही दुसरं कुणी नाही, धोका उलट जास्त.

पिनबुश
हिच लावली की बकेट मूळ पिनेपासून पुढे सरकते आणि वजनही वाढतं, मोठ्या मशीनला फरक कळत नाही पण 1.7 टनीचा जोर जाणवण्याइतका कमी होतो. कडक जमिनीत काम असेल तर मी साध्या पिनाच सांगतो. दोन चांगल्या पिना, ग्रीस, एक तांब्याचा हातोडा. पाच मिनिटांत बदलून होते.

चरातला
पाच मिनिटं तुमच्या शेडमध्ये. चिखलात, पावसात, वाळलेल्या मातीने पिन धरलेली असताना पाच मिनिटांत बदलून दाखवा. बोट चेचलंय माझं त्यात, नख अजून वाकडं उगवतं. हाताने पिना ठोकणं सुरक्षित आहे हे डोक्यातून काढून टाका. उंटावरून शेळ्या हाकू नका साहेब.

पिनबुश
तीस वर्षं मशीनखाली झोपून काम केलेल्या माणसाला उंटावरचा म्हणताय. बरं. तुमच्या नखाचं वाईट वाटलं, ते खरंच. पण नख परत उगवतं.

सुसाट_बूम
या एका मुद्द्यावर मी मातीत_हात यांच्या बाजूने. पण हे मला कोऱ्या मशीनकडेच घेऊन जातं बघा, नव्या पूर्ण स्वयंचलित हिचांना पुढच्या पिनेसाठी वेगळं दुसरं लॉक असतं, एक सुटलं तरी बकेट लटकते. जुन्या मशीनवर कुठल्या काळातली हिच आहे आणि तिचं स्प्रिंग कसं आहे, देवाला माहीत.

मातीत_हात
दुसरं लॉक असलं तरी बदलल्यावर बकेट जमिनीवर टेकवून दाबायची, हलवून बघायची आणि उतरून डोळ्यांनी पिन बघायची. माणसाच्या डोक्यावरून बूम फिरवायची नाही म्हणजे नाही. हे मी दर वेळी लिहिणार, लोक कंटाळले तरी.

एकटा_जीव
मूळ मुद्दा बाजूला पडला, तरी एक मान्य करतो. सुसाट_बूम यांच्या पंपाची गोष्ट वाचून गप्प बसलो थोडा वेळ. माझी जुनी मशीन सात वर्षं चालली यात निम्मं नशीब आहे, हे मला कबूल करायला जड जातंय पण आहे. माझ्याकडे तीन आठवडे मशीन बंद पडली असती तर मीही कोरीच घ्या म्हणून लिहिलं असतं. खोलीचं मात्र नाही पटत. तीन मीटर खोल चर आधाराशिवाय उघडा ठेवून त्यात माणूस उतरवणं एकट्याचं कामच नाही. घनमीटरभर माती दीड टनाच्या वर भरते, कड ढासळली तर काढणार कोण? असं काम आलं की मी हात वरच करतो, त्याची लाज नाही.

सुसाट_बूम
"आपोआप" हा शब्द मी घाईत लिहिला, तो मागे घेतो. मला पहिल्या वर्षी कामं मिळाली ती आधी दुसऱ्याकडे सहा वर्षं ऑपरेटर होतो म्हणून, माणसं ओळखीची होती. ते पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. बाकी मत तेच आहे. निदान ज्याला मशीनमधलं काही कळत नाही त्याने जुनी घेऊ नये.

पहिलीच_मशीन
त्या पोस्टखाली "बरोबर आहे" लिहिणाऱ्यांत मीही होतो. उद्या एक 2.7 टनी बघायला जाणार होतो, जुनी, विकणारा म्हणतो कागद नंतर देतो. ट्रेलर आणि बकेटा धरून आत्ता वजन मांडलं तर माझ्या गाडीच्या मर्यादेच्या जेमतेम आत बसतंय, पाण्याची टाकी भरली तर बाहेर. काय करू?

हिशेबनीस
कागद नंतर म्हणाला तिथेच थांबा. आधीच्या मालकाचं कर्ज त्या मशीनवर बाकी असू शकतं, मग मशीन उचलून नेतील आणि तुमचे पैसे गेले. चेसिस नंबरच्या पाटीचा फोटो मागवा, पाटीचे रिवेट कुणी काढून बसवलेत का बघा. चोरीच्या मशीन खूप फिरतात, एका कंपनीच्या कितीतरी मशीन एकाच किल्लीने चालू होतात. स्वतः घ्याल तेव्हा वेगळं लॉक बसवा, विमावालेही तेच विचारतात.

पिनबुश
कागद मिळाले तर जा, नाहीतर नका जाऊ. गेलात तर बूमचा व्हिडिओ टाका, इंजिन बंद केल्यानंतरचा, पूर्ण दहा मिनिटांचा. मध्येच कापू नका.

चरातला
आणि त्यावर हिच आहे का तेही बघून सांगा.

मातीत_हात
असेल तर सेफ्टी पिन जागेवर आहे का तेही. जुन्या मशीनबरोबर बहुतेक वेळा ती पिनच हरवलेली असते.