आगीच्या आधीचा आठवडा

ऑस्ट्रेलियात, मेलबर्न ज्याची राजधानी आहे त्या व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या ‘ब्लॅक सॅटरडे’च्या वणव्यात १७३ माणसं गेली, हा आकडा बरोबर आहे. पण त्यावरून ‘ऑस्ट्रेलियात खरी जीवघेणी ती आगच, उन्हाळा काय आपल्याकडेही असतो’ असं जे कुणी म्हणतं, ते काही पटलं नाही. ७ फेब्रुवारी २००९ च्या त्या आगीआधी मेलबर्नमध्ये सलग तीन दिवस पारा ४३ च्या वर होता आणि त्या आठवड्यात व्हिक्टोरियात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले. म्हणजे आगीच्या दुपटीहून अधिक! त्यातली बहुतेक माणसं पंचाहत्तरीच्या पुढची. अशा मरणाचे फोटो छापून येत नाहीत, एवढंच.

आम्ही तेव्हा तिथेच होतो. रूळ वाकल्यामुळे लोकल रद्द, त्यात शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली. मी पडलो अकोल्याचा, त्यामुळे ४३ चं मला काय कौतुक अशा तोऱ्यात होतो. पण आमचं भाड्याचं घर हिवाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं. डेझर्ट कूलर नाही, गच्ची नाही, रात्री अकरालाही भिंत तव्यासारखी. शेवटी ओला पंचा अंगावर घेऊन बाथरूमच्या फरशीवर झोपलो. शेजारी एकट्या राहणाऱ्या आजी होत्या, त्यांना दर दोन तासांनी हाक मारून यायचो.